धावपटूंच्या ताटातील तूट : ऊर्जान्यूनता आणि खाण्याचे विकार

सरावात खर्च होणारी ऊर्जा आणि अन्नातून मिळणारी ऊर्जा यांचा मेळ बसेनासा झाला, की शरीर आपल्या इतर कामांना कात्री लावू लागते. मासिक पाळी थांबते, हाडांची बांधणी मंदावते, दुखापत लवकर बरी होत नाही, स्वभाव चिडचिडा होतो आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप केलेला असतो, तो वेगही अखेरीस हातचा जातो. क्रीडावैद्यकात या अवस्थेला क्रीडेतील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे म्हणतात. ‘रेड-एस’ या आद्याक्षरी नावाने ती जगभर ओळखली जाते. तिचे मूळ कधी खाण्याच्या मानसिक विकारात असते, कधी वजन घटवण्याच्या अट्टहासात, तर कधी केवळ पुरेसे अन्न न मिळण्यात. दादरा व नगर हवेली आणि तिच्या सभोवतालच्या डोंगराळ पट्ट्याच्या दृष्टीने यांतील तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

धावणाऱ्यांचा पट्टा

दमणगंगेच्या काठचे सिल्वासा गोव्याच्या सात वर्षे आधी, 2 ऑगस्ट 1954 रोजी, पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. आज ते औद्योगिक शहर आहे. मात्र शहराची वेस ओलांडली की वारली, कोकणा, धोडिया आणि काथोडी समाजांची गावे व पाडे सुरू होतात. 2011 च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीतील निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. पालघरचे जव्हार व मोखाडा, नाशिकचे त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा आणि गुजरातचा डांग जिल्हा हा सारा याच सलग डोंगरपट्टीचा भाग होय.

या पट्टीने देशाला नामांकित धावपटू दिले आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. डांगच्या सरिता गायकवाड 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 4×400 मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होत्या. त्यांच्या उदाहरणाने आश्रमशाळांतील अनेक मुली धावू लागल्या. त्यांच्याबरोबरीने पोलीस व सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीसाठी भल्या पहाटे रस्त्यावर उतरणारी तरुण मुलेही आहेत.

मात्र हाच पट्टा रक्तक्षयाचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत दादरा व नगर हवेलीतील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 80 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. देशाची सरासरी तेव्हा 53 टक्के होती. दमण व दीवसह एकत्रित केलेल्या पुढील फेरीतही हे प्रमाण 60 टक्क्यांच्या वरच राहिले. जिच्या शरीरात सरावाआधीच साठा अपुरा आहे, तिने रोज आठ-दहा किलोमीटर धावू लागावे आणि ताट मात्र पूर्वीचेच राहावे, यात आजाराचे बीज असते.

संज्ञा कशी घडली

1992 साली अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी महिला खेळाडूंमध्ये एकत्र आढळणाऱ्या तीन तक्रारींना ‘महिला खेळाडूंची त्रयी’ असे नाव दिले. खाण्याचा विकार, पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे, या त्या तीन तक्रारी. 2007 साली या व्याख्येत महत्त्वाची दुरुस्ती झाली. खाण्याचा मानसिक विकार असो वा नसो, शरीराला उपलब्ध ऊर्जा कमी पडणे हेच मूळ कारण मानले गेले. जी मुलगी जाणूनबुजून काहीही टाळत नाही, तरीही जिचे पोट भरत नाही, ती या दुरुस्तीमुळे प्रथमच वैद्यकाच्या नजरेत आली.

2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ही संकल्पना अधिक व्यापक करून ‘रेड-एस’ हे नाव दिले आणि पुरुष खेळाडूंनाही तिच्यात सामावून घेतले. चयापचय, प्रतिकारशक्ती, हृदय, पचनसंस्था, वाढ आणि मानसिक स्वास्थ्य या सर्वांवर होणारे परिणाम त्यात मांडले गेले. समितीचे या विषयावरील अद्ययावत निवेदन 2023 चे आहे.

ताटाचा हिशेब

उपलब्ध ऊर्जेचा हिशेब सोपा आहे. दिवसभरात खाल्लेल्या अन्नातील कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा कराव्यात आणि उरलेल्या आकड्याला शरीरातील चरबी वगळून उरणाऱ्या वजनाने भागावे. हे उत्तर प्रतिकिलो 45 च्या आसपास असल्यास तरुण स्त्रीच्या शरीराची सर्व कामे सुरळीत चालतात. ते 30 च्या खाली काही दिवस राहिले, तर बिघाडाची शक्यता बरीच वाढते. ही रेषा प्रत्येकीसाठी तंतोतंत सारखी नसते. तरीही अंदाज बांधण्यास ती उपयोगी पडते.

एक उदाहरण घ्यावे. 50 किलो वजनाच्या धावपटूच्या शरीरात 20 टक्के चरबी धरली, तर उरलेले वजन 40 किलो होते. 10 किलोमीटर धावण्यास तिला सुमारे 500 कॅलरी लागतात. ती दिवसाला 1,600 कॅलरींचे अन्न घेत असेल, तर हातात 1,100 उरतात. 40 ने भागल्यास उत्तर येते साडेसत्तावीस. म्हणजे दोन वेळा जेवणारी, कोणाच्याही नजरेला उपाशी न वाटणारी ही मुलगी धोक्याच्या रेषेखाली आहे. 45 चे प्रमाण गाठण्यासाठी तिला 2,300 कॅलरी हव्यात.

हीच गोष्ट भाकरीच्या मापाने सांगता येते. 60 ग्रॅम पिठाच्या नागलीच्या भाकरीतून साधारण 200 कॅलरी मिळतात. दहा किलोमीटरची धाव ही अशा अडीच भाकऱ्यांची मजुरी आहे, आणि ती नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त द्यावी लागते. शाळेतील दुपारच्या आहाराचे प्रमाण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. ते सर्वसाधारण मुलाच्या गरजेवर बेतलेले आहे. 40 किलो वजनाची मुलगी सहा किलोमीटर धावली, तर त्या जेवणातील एक तृतीयांश ऊर्जा तेवढ्यातच संपते. पाणी आणणे, शेतातील काम आणि शाळेची पायपीट यांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

शरीर काटकसर कशी करते

उत्पन्न घटलेले कुटुंब आधी सणवार आणि घराची डागडुजी पुढे ढकलते. शरीरही तसेच वागते. श्वास आणि हृदयाचे ठोके चालू ठेवून ते प्रजनन, वाढ आणि दुरुस्ती यांवरचा खर्च थांबवते. मेंदूतून बीजकोशांना जाणारे संदेश क्षीण होतात, इस्ट्रोजेनची पातळी घसरते आणि पाळी अनियमित होऊन पुढे थांबते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी होते. थायरॉइडचे कार्य मंदावते, ताणाचे संप्रेरक वाढते. अमेरिकेतील ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांत तरुण स्त्रियांना अवघे पाच दिवस 30 पेक्षा कमी ऊर्जा मिळाल्यावर संप्रेरकांची लय बिघडल्याचे आणि हाडांच्या बांधणीचा वेग घटल्याचे दिसून आले होते.

हाडांचे नुकसान सर्वांत महाग पडते. आयुष्यभर पुरायची हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत साठवली जाते. चौदा ते अठरा या वयात पाळी बंद राहिली, तर ती साठवण अर्धवट राहते आणि पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. नडगी, पाऊल किंवा मांडीच्या हाडाला पडणारी सूक्ष्म भेग हे त्याचे पहिले रूप. अपघातावाचून वारंवार अशी भेग पडणाऱ्या खेळाडूचे बूट आणि मैदान तपासण्याबरोबर ताटही तपासायला हवे.

या आजाराची फसगत दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे, चयापचय मंदावल्यामुळे वजन कमी होईलच असे नाही. नेहमीच्या वजनाची मुलगीही ऊर्जान्यून असू शकते. दुसरी म्हणजे, वजन उतरताच सुरुवातीच्या काही आठवड्यांत धावण्याची वेळ काहींच्या बाबतीत खरोखरच सुधारते. खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांनाही उपाय लागू पडल्यासारखे वाटते. काही महिन्यांनी दुखापती, सर्दी-ताप आणि थकवा यांची रांग लागते, तेव्हा दोष मेहनतीच्या कमतरतेला दिला जातो आणि सराव आणखी वाढवला जातो.

न ठरवता पडलेली तूट

अपुऱ्या अन्नाची किंमत मोठ्या मैदानावर कशी मोजावी लागते, याचे भारतातील सर्वपरिचित उदाहरण 1984 चे आहे. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्यांची वेळ 55.42 सेकंद होती. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची 55.41. तेथील अन्न अंगवळणी न पडल्याने आपल्याला भाताची पेज आणि लोणचे यांवर दिवस काढावे लागले आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात ताकद कमी पडली, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. वजन घटवण्याची इच्छा तेथे नव्हती. पोट भरल्याचे समाधान मिळाले, तरी धावेला पुरेल एवढी ऊर्जा मिळतेच असे नाही, हा त्या अनुभवाचा बोध होय.

पेज, पातळ डाळ, भाजी आणि भात हा आहार वाईट नाही. पाणी आणि चोथा अधिक असल्याने तो पोट लवकर भरतो, एवढेच. कठोर सरावानंतर काही काळ भूकही मरते. पहाटे रिकाम्या पोटी धावणे, त्यानंतर केवळ चहा आणि पहिले खरे जेवण थेट दुपारी, हा क्रम गावोगाव दिसतो. रात्री लवकर जेवण झाले असेल, तर दोन जेवणांतील अंतर पंधरा तासांच्या पुढे जाते आणि सराव नेमका त्याच पोकळीत होतो. नवरात्र, श्रावण, एकादशी किंवा रमजानच्या उपवासांत सरावाचे वेळापत्रक बदलले नाही, तर ही पोकळी आणखी रुंदावते.

खाण्याचा विकार वेगळा कसा

ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात वजन वाढण्याची तीव्र भीती असते आणि शरीर कृश होऊनही ते जाडच भासते. बुलिमियात अनावर खाऊन झाल्यावर उलटी, रेचके किंवा अतिव्यायाम यांनी त्याची भरपाई केली जाते. ‘शुद्ध’ आहाराच्या हव्यासापायी एकेक पदार्थ वर्ज्य करत जाणे हीदेखील धोक्याची वाट आहे. हे हट्ट किंवा नखरे नव्हेत. ते जिवावर बेतू शकणारे मानसिक आजार आहेत. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20 टक्के महिला आणि 8 टक्के पुरुष खेळाडूंमध्ये खाण्याचे विकार आढळले. खेळाडू नसलेल्यांत हे प्रमाण अनुक्रमे 9 टक्के आणि अर्धा टक्का होते. लांब पल्ल्याची धाव, जिम्नॅस्टिक्स आणि वजनगटांचे खेळ यांत धोका अधिक असतो.

अमेरिकेची मेरी केन 2013 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जागतिक स्पर्धेच्या 1,500 मीटर अंतिम फेरीत धावली होती. 2019 मध्ये तिने जाहीरपणे सांगितले, की वजन सतत कमी करण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षे बंद होती आणि पाच हाडे मोडली. या कथनानंतर अनेक देशांतील धावपटू मोकळेपणाने बोलू लागल्या.

कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो व भारोत्तोलन हे वजनगटांचे खेळ आहेत आणि कबड्डीतही वजनमर्यादा असते. तेथे वजनकाट्याआधी अन्न-पाणी तोडण्याची प्रथा आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 7 ऑगस्ट 2024 रोजी विनेश फोगाट यांचे वजन 50 किलोच्या मर्यादेपेक्षा 100 ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम लढतीआधीच त्या अपात्र ठरल्या. रात्रभर केलेल्या प्रयत्नांनंतर त्यांना निर्जलीकरणामुळे उपचार घ्यावे लागले. याहून भीषण घटना 1997 च्या अखेरीस अमेरिकेत घडल्या. काही आठवड्यांच्या अंतराने महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर वजन झटपट उतरवताना मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. शालेय वयातील खेळाडूने वजनगट गाठण्यासाठी पाणी तोडणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. वाढत्या मुलाने वरच्या गटात खेळणे हाच योग्य मार्ग.

ओळखण्याची चिन्हे

पुढीलपैकी एखादे चिन्ह टिकून राहिल्यास आहार आणि सराव दोन्ही तपासावेत :

- सलग तीन महिने पाळी न येणे, किंवा वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच न होणे
- वारंवार हाड दुखणे, हाडाला भेग पडणे किंवा जुनी दुखापत बरी न होणे
- सराव वाढूनही वेळ न सुधारणे, विश्रांतीनंतरही थकवा न जाणे
- सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, केस गळणे, बद्धकोष्ठता
- वारंवार सर्दी-खोकला, झोप न लागणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे
- मुलांमध्ये पहाटेची नैसर्गिक उत्तेजना किंवा कामेच्छा कमी होणे
- इतरांसोबत जेवणे टाळणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, सुट्टीच्या दिवशीही व्यायामावाचून अस्वस्थ होणे

यांपैकी पहिल्या चिन्हाबद्दल एक गैरसमज खोलवर रुजला आहे. ‘मेहनत करणाऱ्या मुलींची पाळी जातेच,’ असे म्हटले जाते. काहींना ती सोयही वाटते. प्रत्यक्षात पाळी जाणे हा उत्तम तयारीचा पुरावा नसून शरीराने दिलेला पहिला स्पष्ट इशारा होय.

ताट कसे भरावे

या पट्ट्यातील पारंपरिक अन्नात उत्तम साहित्य आहे. प्रश्न प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. नागलीच्या 100 ग्रॅम पिठातून सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते. उडीद, तूर, हरभरा, शेंगदाणे, अंडी आणि सुकी मासळी यांतून प्रथिने मिळतात. धावपटूला दिवसाला प्रतिकिलो वजनामागे 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने लागतात. मध्यम सरावासाठी पिष्टमय पदार्थांचे प्रमाण प्रतिकिलो 5 ते 7 ग्रॅम असावे. म्हणजे भात आणि भाकरी धावपटूने कमी करण्याच्या नव्हे, तर वाढवण्याच्या गोष्टी आहेत.

पहाटेच्या सरावाआधी केळे किंवा गूळ-भाकरीचा तुकडा पुरे. सराव संपल्यावर तासाभरात शेंगदाणे-गूळ, उकडलेली अंडी, दूध, भिजवलेले हरभरे किंवा भाकरी-डाळ घ्यावी. केवळ चहावर भागवू नये. भातावर एक पळी तेल किंवा तूप, कालवणात दाण्याचे कूट आणि मधल्या वेळी एक लाडू एवढ्या बदलानेही पोट न फुगवता काही शे कॅलरी वाढतात. जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते; लिंबू किंवा आवळ्याने ते अधिक शोषले जाते. उपवासाच्या दिवसांत सराव हलका करावा किंवा विश्रांती घ्यावी. महागड्या पावडरी यासाठी आवश्यक नाहीत.

प्रशिक्षक, शाळा आणि घर

खेळाडूचे वजन सर्वांसमक्ष करू नये आणि तिच्या शरीरावर टीका-टिप्पणी टाळावी. शिक्षिकेने किंवा परिचारिकेने पाळीची नोंद विश्वासाने आणि संमतीने ठेवावी. लाज वाटेल अशा रीतीने विचारल्यास उत्तर खोटे मिळते. निवासी शाळेत धावणाऱ्या मुलांसाठी सरावापूर्वी आणि नंतर खाण्याची सोय असावी आणि त्यांना दुसऱ्यांदा वाढून घेण्यास संकोच वाटू नये. घरी मुलींनी शेवटी जेवण्याची रीत असेल, तर धावणाऱ्या मुलीच्या बाबतीत तिची किंमत दुप्पट होते.

उपचार

पाळी थांबली असल्यास डॉक्टर प्रथम गर्भधारणा, थायरॉइडचे विकार आणि बीजकोशांचे आजार नाहीत ना, हे तपासतात. हिमोग्लोबिनबरोबर लोहसाठ्याची चाचणी महत्त्वाची असते. या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेलही आढळतो. त्यामुळे होणारा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सिल्वासात श्री विनोबा भावे शासकीय रुग्णालय आणि त्याला जोडलेले नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे.

ऊर्जान्यूनतेवर औषध एकच : अधिक अन्न आणि काही काळ कमी सराव. संततिनियमनाच्या गोळ्यांनी रक्तस्राव सुरू होतो, पण मूळ तूट तशीच राहते आणि इशारा मात्र दडपला जातो. अन्न वाढवल्यानंतर थकवा आणि मनःस्थिती काही दिवसांत ते आठवड्यांत सुधारते, पाळी परतण्यास काही महिने लागतात आणि हाडांना वर्षे लागू शकतात.

खाण्याचा विकार असल्यास केवळ ‘नीट खा’ असे सांगून भागत नाही. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करावे लागतात. भोवळ येणे, नाडी अतिशय मंद होणे, वारंवार उलट्या किंवा अन्न पूर्ण तोडलेले असणे ही रुग्णालयात तातडीने नेण्याची कारणे होत. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यास एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. आत्महत्येचे विचार किंवा तीव्र नैराश्य असल्यास ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क बोलता येते. तेथे भारतीय भाषांतून संवाद साधता येतो.

सिल्वासाच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या प्रत्येक मुलीला पदक मिळणार नाही. तिची हाडे मात्र तिला साठीनंतरही लागणार आहेत. शर्यतीची तयारी स्टॉपवॉचने मोजली जाते. ती आदल्या रात्री आणि त्या सकाळी तिच्या ताटात काय होते, यावरूनही मोजली गेली, तर पदकांची संख्या घटणार नाही, आणि वाटेत गळून पडणाऱ्यांची संख्या निश्चितच घटेल.